बंद पडलेलं स्टेशन पुन्हा कामाला लावायचं असेल तर

माझे बाबा शकुंतलेवर, म्हणजे विदर्भातल्या यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांच्या लाइनीवर, गँगमन होते, रुळांची देखभाल करत. दारव्हा आणि मुर्तिजापूरच्या मधल्या एका लहानशा स्टेशनाच्या मागे आमचं घर. त्याच गावच्या वाचनालयात मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. गाडी बंद झाल्यावर काही वर्षांनी स्टेशनाच्या मालखोलीत गावानं मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली आणि त्या कामात मी पहिल्या दिवसापासून आहे. आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "बाई, आमच्या स्टेशनाचं काही तरी करा लागते, सुरुवात कुठून करू?" दर वेळी अर्धा तास बोलणं होतं आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सुरुवात रंगाच्या डब्यापासून करू नका. आम्ही तीच केली. २ ऑक्टोबरला श्रमदान ठरलं, पोरं हौसेनं आली, मालखोली झाडली, कोळिष्टकं काढली आणि आतून निळा ऑइलपेंट मारला. दारामागच्या भिंतीवर चुन्यावर कोळशानं ओढलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. मी लहानपणापासून त्या पाहत आले होते, पण कधी विचारलं नव्हतं. रंग वाळल्यावर गावातले एक जुने हमाल काकाजी आले, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचं गाठीचं गणित होतं, माय." कापसाच्या किती गाठी डब्यात चढल्या ते हमाल तिथं मांडत असत. पुढच्या ऑगस्टात तो ऑइलपेंट पापुद्रे धरून सुटला आणि जाताना खालचा चुनाही घेऊन गेला. रेघांचा एक फोटोही आमच्याजवळ नाही.

म्हणून आधी वही, टेप आणि मोबाइल. कुदळ, फावडं आणि ब्रश नंतर.

दुसरी गोष्ट गावानं मला शिकवली. अभ्यासिकेची गोष्ट पहिल्यांदा ग्रामसभेत काढली तेव्हा मागून एक म्हातारे उठले: "उद्या गाडी वापस आली त तिले थांबाले जागा कुठं राहीन, बाई?" लोक हसले नाहीत. आमच्या भागात शकुंतला रुंद होऊन परत यावी ही मागणी खरी आहे, तिच्यासाठी लोक मोर्च्यात गेले आहेत. स्टेशनात पुस्तकं मांडणं म्हणजे गाडीचा नाद सोडणं, असं त्यांना वाटलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आमच्या साऱ्या कामाचा नियम ठरला: स्टेशन वापरायचं, पण ते स्टेशनच राहिलं पाहिजे. तोडायचं नाही, नवं बांधायचं नाही, जे आत नेऊ ते उचलून बाहेर आणता आलं पाहिजे. पुढे जे सांगते ते सगळं या नियमातून आलेलं आहे.

आधी इमारत वाचा

गाडी बंद असली तरी जागा रेल्वेचीच असते हे पहिलं ध्यानात ठेवा. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मोजमाप घ्यायचं आहे, फोटो काढायचे आहेत, अमुक लोक येतील, असं पत्र मंडल रेल प्रबंधकांच्या, म्हणजे रेल्वेच्या त्या विभागाच्या प्रमुखांच्या, नावे द्या आणि पोच घ्या. यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर ही लाइन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, पुलगाव–आर्वी मध्य रेल्वेच्याच नागपूर विभागात. नागपूर–नागभीडकडचे असाल तर तुमचा विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर. चुकीच्या विभागाला पत्र गेलं की ते वर्षभर फिरत राहतं.

परवानगी मिळाली की सकाळी आठच्या आत जा, किंवा संध्याकाळी पाचनंतर. उन्हं तिरपी असली की दगडावर कोरलेली आणि लोखंडावर उठवलेली अक्षरं आपोआप वर येतात. भर दुपारी तीच भिंत कोरी दिसते. रूळ शिल्लक असतील तर त्यांच्या बाजूच्या उभ्या पट्टीवर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, साल आणि वजनाचा आकडा सापडतो. कोरड्या फडक्यानं पुसा आणि खडू आडवा धरून हलकेच फिरवा. तारेचा ब्रश लावू नका. मात्र रुळावरचं साल हे रूळ बनल्याचं साल आहे, स्टेशनाचं नाही. रूळ बदलले जातात, दुसरीकडचे जुने आणूनही टाकले जातात. मग टेप लावा: एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर भरलं पाहिजे. मुर्तिजापूरला मुंबई–हावड्याची मोठी लाइन आहे, तिथं हेच अंतर १६७६ मिलिमीटर आहे. शाळेच्या पोरांना हे दोन आकडे जमिनीवर खडूनं आखून दाखवले की शकुंतला केवढीशी होती ते त्यांना न सांगता कळतं.

रुळाचा तुकडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडायची पट्टी), खिळा, बोर्ड, दिव्याची काच, यातलं काहीही घरी नेऊ नका, "जपून ठेवतो" म्हणूनही नाही. रेल्वेची वस्तू विनापरवाना जवळ बाळगण्यावर १९६६चा वेगळा कायदा आहे. वस्तू जिथं आहे तिथंच तिचा फोटो, माप आणि नोंद करा.

इमारतीचा नकाशा काढायला इंजिनियर लागत नाही. तीस मीटरची टेप, दोन माणसं आणि आलेख वही पुरते. एक चौकट म्हणजे एक फूट. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती मोजा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं मापही घ्या, नाहीतर कागदावर खोली काटकोनात बसते आणि खरी खोली तशी नसते. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या जमिनीपासून किती उंच आहेत, ओटा किती उंच आहे, हे सगळं लिहा. यात वेळ घाला, कारण जुनी इमारत तिचा पुढचा उपयोग स्वतःच सांगते.

आमच्या मालखोलीचंच पाहा. ओटा साडेतीन फूट उंच. आधी आम्हाला तो गैरसोयीचा वाटला. मग कळलं की एका अंगाला बैलगाडीची साटी टेकावी आणि दुसऱ्या अंगाला मालडब्याचा तळ, अशा बेतानं ती उंची धरली आहे. गाठ उचलायची नाही, नुसती लोटायची. दार एवढं रुंद की टेबल आडवं जातं. खिडक्या मात्र पार वर, कौलांच्या खाली, लहान लहान. त्यामुळे वैशाखातही खोली थंड राहते आणि अंधारीही. वाचायला थंडावा हवा तसा उजेडही हवा. भिंतीला नव्या खिडक्या पाडायचा आग्रह काहींनी धरला होता. आम्ही छपरातली सहा मंगलोरी कौलं काढून त्या जागी काचेची कौलं बसवली. काढलेली सहा कौलं गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत.

माणसांकडे कसं जायचं

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. म्हणून कार्यालयांच्या आधी माणसांकडे जा. आमच्या यादीत पहिल्या वर्षी तेवीस नावं होती. त्यातल्या सहा जणांकडे मी "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणत राहिले आणि ती माणसं गेली.

म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असं विचारू नका. तो बिचारा अवघडतो आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगतो. आधीचं की नंतरचं, ते विचारा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही स्टेशनावर होता का? शकुंतलेच्या गावांना तर एक फार नेमकी खूण आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनीवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ला ते काढून डिझेल जोडलं. म्हणून विचारायचं, "तेव्हा काळं इंजिन होतं का डिझेल?" हे कोणी विसरत नाही. एका आजीला तिच्या लग्नाचं साल सांगता येईना. इंजिनाचं विचारलं तर म्हणाली, "काळंच होतं नं. माह्या लगनाच्या लुगड्याले ठिणगीनं भोक पडलं, अजून पेटीत हाय." लुगडं निघालं, भोकही निघालं.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. जुना फोटो, पुठ्ठ्याचं तिकीट, नाहीतर तुम्ही काढलेला नकाशाच न्या. नकाशा फार कामाचा. बोट ठेवून माणूस सांगू लागतो: इथं पाण्याचा माठ होता, इथं मास्तरांची खुर्ची, इथं आमची माय ताक विकायला बसे. शक्य तिथं त्या माणसाला स्टेशनावरच घेऊन या. घरी खाटेवर बसून "काही आठवत नाही" म्हणणारे आमचे एक काका फलाटावर येताच चालत चालत पन्नास पावलांवर गेले आणि काठी टेकवून म्हणाले, "हितं काटा होता." तिथली माती सारली तर सांधा बदलायच्या खटक्याचा पाया निघाला.

बायांना वेगळं भेटा. घरातले पुरुष बसलेले असले की त्या "मले काय ठाऊक" म्हणून आत जातात. पण गाडीचा खरा उपयोग त्यांच्याच गोष्टींत आहे. माहेरी जाणं, पहिलं बाळंतपण, जिनातलं काम, सीताफळाच्या टोपल्या, तान्ह्याला घेऊन दवाखाना. एसटीला पैसे लागायचे जास्त आणि गाडीत टोपलीचं कोणी काही बोलत नसे. शेवटी शेवटी तर स्टेशनावर तिकीट द्यायला माणूसच उरला नव्हता, गार्डच उतरून तिकिटं फाडी. बाबा सांगत की गाडीला हात दिला तरी ती थांबे. आता हे "बाबा सांगत" म्हणून लिहायचं, रेल्वेचा नियम म्हणून नाही. कोणी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, हे प्रत्येक आठवणीखाली लिहायची शिस्त लावा.

रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारा, सुरुवातीलाच नाव, वय आणि तारीख बोलून घ्या, आणि लिहून काढलेलं पुन्हा त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवताना दुप्पट गोष्टी निघतात. फोटो मागून आणू नका. त्यांच्याच दारात, सावलीत, पाटावर ठेवून मोबाइलनं काढा आणि तिथंच परत द्या. उधार आणलेला फोटो हरवला तर गावात तुमच्या कामाला कोणी दार उघडणार नाही.

कागद

शकुंतलेचे कागद शोधताना लोक गोंधळतात ते मालकीत. लाइन सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, जी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० साली उभी केली. गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वे झाली आणि गाड्या तिच्याकडे आल्या, पण लाइन कंपनीचीच राहिली. म्हणजे एकाच स्टेशनाचे कागद तीन घरांचे. बातम्यांत १९०३ हे साल फिरतं, कंपनी मात्र १९१०ची. म्हणून साल मिळालं की आधी विचारा, कशाचं साल? काम सुरू झाल्याचं, मालगाडी आल्याचं, लोकांची गाडी आल्याचं, कंपनी नोंदल्याचं, की इमारत बांधल्याचं? आमच्या वहीत यांचे पाच वेगळे रकाने आहेत आणि एका रकान्यातलं साल दुसऱ्यात सरकवायचं नाही असा दंडक आहे.

गाडी इकडं आलीच का, हे थोडक्यात पण बरोबर लिहा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ला जीआयपीची मोठी लाइन नागपूरला पोचली. कापसाच्या पेठांना तिला जोडायची घाई झाली: जलंब–खामगाव १८७०, बडनेरा–अमरावती १८७१. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अचलपूर ही गावं मात्र मोठ्या लाइनीपासून दूर पडली होती. त्यांच्यासाठी कमी खर्चाची ही अरुंद लाइन: मुर्तिजापूरपासून यवतमाळ ११३ किलोमीटर, अचलपूर ७६. एवढं पुरे. आमच्या पहिल्या मसुद्यात अर्धी पानं इंग्रजांच्या धोरणावर गेली होती आणि हमाल काकाजी चार ओळींत उरकले होते. आम्ही ते उलटं केलं.

जुन्या कागदांत जुनी नावं शोधा. अचलपूर नाही, एलिचपूर. यवतमाळचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा 'येओटमल' असं वाचलं जाईल असं होतं. आणि १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नावच वणी, इंग्रजीत 'वून' होतं. हे माहीत नसल्यामुळे मी दोन महिने "काही सापडत नाही" म्हणत बसले होते. १९०८चं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटियर, १९१०चं अकोल्याचं, १९११चं अमरावतीचं, ही तिन्ही पाहा. जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयात नसली तर राज्य गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर शोधा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा आणि तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा. स्टेशनाकडे जाणारा रस्ता, विहीर, बाहेरचं कडुनिंब हे रेल्वेच्या हद्दीत आहे की गावठाणात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आमची विहीर ग्रामपंचायतीची निघाली. परवानगीची वाट पाहण्याच्या काळात आम्ही तिचाच गाळ काढला आणि कडुनिंबाला पार बांधला, त्यामुळे माणसं जमलेली राहिली.

रेल्वेकडून माहिती हवी असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, रेल्वे केंद्राची म्हणून पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "स्टेशनाचा इतिहास द्या" असं मागू नका, तसा कागद कोणाच्याच कपाटात नसतो. इमारतीचा आराखडा, मालमत्तेच्या नोंदवहीतली नोंद, शेवटच्या दुरुस्तीची फाइल, असं एकेक मागा. आणि शक्य असेल तर नकला न मागता अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला पाच रुपये, हव्या त्या पानाची नक्कल दोन रुपयांत. डोळ्यानं फाइल चाळताना जे सापडतं ते अर्जात लिहायला सुचलंच नसतं. मात्र उशीर करू नका. एका कार्यालयात मी पोचले त्याच्या आदल्या महिन्यात स्टेशनांच्या जुन्या मालनोंदवह्या रद्दीत गेल्या होत्या. रद्दीवाल्याच्या गोदामापर्यंत मी गेले. तिथून त्या कागदाच्या कारखान्यात गेल्या होत्या.

नागपूर–नागभीड भागातल्या वाचकांना तर हात जोडून सांगते, आजच निघा. तुमची छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ला रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंदीकरण म्हणजे नवे फलाट, नवी इमारत, आणि जुन्याला जागा उरेलच असं नाही. इमारत वाचली नाही तरी मोजमाप, फोटो आणि माणसांचं बोलणं वाचवता येतं.

एकदा सगळ्यांनी मिळून नागपूरला मोतीबागेतलं छोट्या लाइनीचं संग्रहालय पाहून या. १४ डिसेंबर २००२ला ते सुरू झालं. आपल्या स्टेशनातल्या रिकाम्या चौथऱ्यावर नेमकं कोणतं यंत्र होतं, ते तिथं समोर दिसतं.

परवानगी आणि दुरुस्ती

आमची पुस्तिका सोळा पानांची झाली: नकाशा, बारा फोटो, एकोणीस माणसांच्या आठवणी, सालांचे पाच रकाने. ग्रामसभेच्या ठरावासोबत आणि अर्जासोबत आम्ही ती जोडली. अर्ज नुसता असता तर तो इतर अर्जांत पडला असता. पुस्तिका पाहून साहेबांनी स्वतः बोलावलं. ठरावात कशाची खोली, किती फूट, कोणत्या वेळात, किल्ली कोणाकडे, वीज कोणाची, जबाबदारी कोणाची, हे सगळं लिहा. आणि एक कलम तुमच्याकडूनच घाला: रेल्वेला जागा लागल्यास तीस दिवसांत रिकामी करून देऊ. आम्हाला परवाना मालखोलीपुरता आहे, दरवर्षी नवा करावा लागतो. तिकिटाची खोली बंदच आहे आणि तिच्या खिडकीला आम्ही हात लावलेला नाही.

दुरुस्ती छपरापासून करा. रोहिणीच्या आत कौलं उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा चढवून झाली पाहिजेत. आमच्या छपराचं सागवान उत्तम होतं, फक्त भिंतीत शिरलेली तीन टोकं कुजली होती. भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटू नका, मुळासोबत दगड येतो. बुंध्याशी कापा आणि फुटवा आला की पुन्हा कापा, मूळ सुकलं की मग काढा.

काळ्या दगडाची आणि चुन्याची भिंत असेल तर सिमेंट लावू नका. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग भिंत आतून भुसभुशीत होते. ऑइलपेंटनं आमचं तेच झालं. चुना विरवून पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवा, महिना ठेवला तर आणखी चांगलं. एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ रेती. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला थोडी रेती कमी करून विटेची सुरकी, म्हणजे भुकटी. लावल्यावर आठवडाभर गोणपाट ओलं करून धरा. चुन्याचं काम येणारे गवंडी आता कमी उरलेत. आम्हाला सत्तरीचे एक मिस्त्री शेजारच्या गावात सापडले. त्यांच्या हाताखाली दोन तरुण मुद्दाम दिले, ते दोघं आता देवळांची कामं घेतात. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा आणि पोरं लांब, ही गोष्ट कोणी हलक्यात घेऊ नये.

आत काय ठेवलं

अभ्यासिकेत बावीस खुर्च्या, चार लांब टेबलं, दोन कपाटं. टेबलांचे पाय स्क्रूचे आहेत. भिंतीला एकही खिळा नाही; फोटो लोखंडी उभ्या चौकटींवर लावले आहेत. वीज नळीतून जमिनीलगत आणली. उंच ओट्याला सिमेंटचा उतार करायचा विचार होता, त्याऐवजी सागाच्या फळ्यांचा केला. एका पायानं अधू असलेली आमची एक विद्यार्थिनी रोज त्यावरून येते. दोन माणसं तो उचलून बाजूला ठेवू शकतात.

जिथं रेघा होत्या ती भिंत आम्ही चुन्यानं पांढरी करून मोकळी ठेवली आहे. तिच्यासमोर चौकटीत हमाल काकाजींचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लावलं आहे. सुरुवात अशी: "आमी दोघं भाऊ एक गाठ लोटत जाओ. दहा झाल्या का पाणी, वीस झाल्या का बिडी."

दरवर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खोली पूर्ण रिकामी करतो, चुना मारतो आणि पुन्हा लावतो. ग्रामसभेत प्रश्न विचारणारे ते म्हातारे पहिल्या वर्षी घड्याळ घेऊन दारात बसले होते. पुस्तकं, कपाटं, टेबलं, चौकटी, उतार, सगळं बाहेर काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायला अकरा माणसांना एक तास चाळीस मिनिटं लागली. त्यांनी आत जाऊन चारही भिंती पाहिल्या, ओट्याच्या कडेला फलाटाकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं. आता भरा वापस."